लेथच्या बेडला कोणतं तेल, हायड्रॉलिक ६८ की स्लाइडवे ६८?

दोन्ही डब्यांवर ६८ लिहिलेलं असतं आणि घोळ तिथेच होतो. हा आकडा फक्त दाटपणाचा. ४० अंशांना साधारण ६८ सेंटिस्टोक, एवढंच तो सांगतो. तेल बेडला, म्हणजे ज्यावर लेथचे भाग सरकतात त्या पट्ट्यांना, किती धरून राहील हे त्यात कुठेच नाही. तेव्हा दुकानदार ‘एकच आहे हो, न्या’ म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका, तो आकडाच वाचतोय.

मी स्वतः सात-आठ वर्षं हायड्रॉलिकच वापरलं. हेडस्टॉकला (गिअरच्या पेटीला) तेच, प्रेसला तेच, कुप्पीत भरून बेडलाही तेच. उद्यमनगरातल्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच शेडमध्ये आजही असंच चालतं आणि लेथ काही बंद पडलेले नाहीत. एकच बादली आणायची, भावही कमी, नव्या हेल्परला काही शिकवावं लागत नाही. सोय म्हणून बघितलं तर हायड्रॉलिकला तोड नाही.

माझं बिनसलं ते पंपाच्या शाफ्टवर. बेअरिंग सीटचा (बेअरिंग बसतं त्या भागाचा) शेवटचा कट, घ्यायचे मिलिमीटरचे दोन-तीन शतांश. क्रॉस स्लाइडचं, म्हणजे टूल आडवं पुढे-मागे नेणाऱ्या भागाचं, हँडल अगदी बोटाने टिचकी मारल्यासारखं सरकवायचं. एकदा टिचकी, स्लाइड जागची हलत नाही. दुसऱ्यांदा, तरी नाही. तिसऱ्या वेळी ती उडीच मारते आणि माप खाली गेलेलं. असे चार शाफ्ट एका आठवड्यात भंगारात गेले. मी बॅकलॅशवर (स्क्रू-नटमधल्या ढिलाईवर) संशय घेऊन नट आवळला, गिब (स्लाइडची फट भरणारी पट्टी) सैल केली, परत घट्ट केली. शेवटी आमचे टर्नर मामा म्हणाले, “मालक, स्क्रूचा दोष न्हाई. स्लाइड आधी चिकटतीया, मग सुटतीया.”

तेच होतं. स्लाइड अगदी सावकाश चालते किंवा थांबून राहते तेव्हा तेलाचा थर दाबाखाली निघून जातो आणि बीड (ओतीव लोखंड) बीडाला भिडतं. तिला जागची हलवायला जो जोर लागतो, तो एकदा हलल्यावर लागत नाही. म्हणून उडी. स्लाइडवे तेलात हा पहिला अडकाव कमी करणारी द्रव्यं असतात, शिवाय तेल पृष्ठभागाला धरून राहावं म्हणून चिकटपणा आणणारंही काही घातलेलं असतं. आम्ही क्रॉस स्लाइड उतरवून रॉकेलने धुतली, वायपरचे फेल्ट (स्लाइडची पट्टी पुसणारे नमदे) बदलले आणि स्लाइडवे घातलं. डायल लावून मी काही तक्ता केला नाही. धुण्याचा आणि नव्या फेल्टचाही वाटा असेल, नाही म्हणत नाही. पण त्यानंतर ती टिचकी टिचकीसारखीच लागते.

दुसरा फरक कुलंटचा, म्हणजे कापताना थंडाव्यासाठी सोडायच्या पाण्याचा. दुधी पाण्याखाली काम असलं की हायड्रॉलिक दुपारपर्यंत वाहून जायचं आणि पावसाळ्यात सुट्टीनंतर शेड उघडलं की चकखाली (जॉब धरणाऱ्या भागाखाली) बेडवर तांबूस पट्टा दिसायचा. आता तो क्वचितच दिसतो. स्लाइडवे तेलही कुलंटच्या टाकीत उतरतंच, पण वर तरंगतं. पळीने काढता येतं.

स्लाइडवेचा त्रासही आहे. लहान पॅक पटकन मिळत नाही, लिटरमागे पैसे जास्त. आणि कोरडं बीड टर्न करत असाल तर त्याची काळी पूड या तेलाला चिकटून बसते, ती पुसली नाही तर चक्क पॉलिश पेस्टच. पुसायचं आधी, तेल मग. हे हायड्रॉलिकलाही लागू आहे, पण इथे आळस महाग पडतो. दिवसभर फक्त बीडच, तेही रफिंग, असं काम असेल तर हायड्रॉलिक घालून संध्याकाळी नीट पुसा. माझी हरकत नाही. बेअरिंग सीट किंवा बारीक फिनिशिंग असेल तर मात्र मी तरी मागे जाणार नाही.

इंजिन ऑइलचं विचारूच नका. त्यातलं डिटर्जंट कचरा आणि पाणी तेलातच धरून ठेवतं, आणि लेथला गाडीसारखा फिल्टर नसतो.

हेडस्टॉकमध्ये मात्र स्लाइडवे ओतू नका, तिथे मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. आमच्याकडे आता दोन कुप्प्या आहेत. बेडच्या कुप्पीला लाल रंग फासलाय, तरी महिन्यातून एकदा कुणीतरी चुकीची उचलतंच.