मोफत हाडतपासणीच्या नावाखाली सासूबाईंच्या गळ्यात मारलेला 'कोर्स'

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हाडांची मोफत तपासणी ठेवली होती. टाच यंत्रात ठेवायची, मिनिटाभरात चिठ्ठी हातात. बहुतेक सगळ्या बायकांच्या चिठ्ठीवर 'धोका'! सासूबाईंचे गुडघे आधीच दुखत होते, त्यामुळे त्यांना लगेच 'कोर्स' दिला: ड जीवनसत्त्वाच्या पावडरीचं एक पाकीट रोज दुधातून, शिवाय कॅल्शियमच्या गोळ्या. पैसे रोख, बिल नाही. "काकू, व्हिटॅमिनच आहे, जास्त झालं तर लघवीतून निघून जातं," असं पांढरा कोट घातलेल्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं.

हे धादांत खोटं आहे. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, सहजासहजी बाहेर पडत नाही आणि जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. त्या प्रत्येक पाकिटात ६०,००० युनिट होती. कमतरता असेल तर डॉक्टर असं पाकीट आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात. सल्ल्याशिवाय घ्यायची कमाल मर्यादा दिवसाला ४,००० युनिट मानतात. सासूबाईंच्या पोटात रोज त्याच्या पंधरापट जात होतं.

आधी जेवण जाईना, मग मळमळ, बद्धकोष्ठता. तहान तर भागेचना, रात्रभर लघवीला उठणं. आम्हाला वाटलं शुगर वाढली, पण ती नॉर्मल निघाली. एका संध्याकाळी त्या आंघोळ करून सकाळची पूजा मांडायला बसल्या, तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. रक्तातलं कॅल्शियम १४ च्या वर! ते साडेदहाच्या आत हवं. क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण आलेला. ताबडतोब अ‍ॅडमिट, सलाईन, स्टेरॉइड.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी आणखी काय घेतात?" मी पाकिटांची पिशवीच नेऊन दाखवली. प्रत्येकावर 'रोज १' असं स्टिकर होतं. नखाने खरवडलं तर खाली छापलेलं, 'डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे'. नेमकी तीच ओळ झाकली होती. एका म्हातारीच्या जिवाशी असा खेळ करताना यांना काहीच कसं वाटत नाही?

सासूबाई घरी आल्या आहेत, पण साठलेलं ड उतरायला महिने लागतात, म्हणून कॅल्शियमची तपासणी चालूच आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. तुमच्याकडे कुणी असा कोर्स घेत असेल आणि वरच्यासारखा त्रास होत असेल, तर पाकिटं घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. रिकामी पाकिटंही टाकू नका, तक्रारीला पुरावा म्हणून तीच लागतात.