आठ महिने वापरलेला स्टिरिओ व्ह्यूअर आणि उजवं भिंग

साडेसातशे रुपयांना घेतलेला हा घडीचा व्ह्यूअर परवा दुरुस्त करून आणला, म्हणून आज लिहितोय. शेजारी ठेवलेले दोन फोटो याच्या दोन भिंगांतून पाहिले की मिळून एकच, खोली असलेलं चित्र दिसतं. घेणार असाल तर आधी एवढंच वाचा: दोन्ही भिंगं एका रेषेत बसली आहेत का, ते पहिल्याच दिवशी तपासा. मी तपासलं नाही, आणि त्याचा त्रास माझ्या भाचीला झाला.

भाची स्टिरिओ जोड्या काढते आणि त्यांत कंपोझिट करते. इंदूरची मुलगी, त्यामुळे राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, लालबाग हे विषय ठरलेले. एक फोटो काढायचा, फोन साडेसहा सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरा काढायचा. मग घरी बसून ती कधी आकाश बदलते, कधी दुसऱ्या फोटोतलं माणूस आणून बसवते. जोडी चार बाय सहाच्या प्रिंटवर छापून माझ्याकडे येते. मी व्ह्यूअरमधून बघतो आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलीने शेरा लिहितो. नुसतं ‘छान’ लिहायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे.

या कामाला व्ह्यूअर हवाच. राजवाड्याच्या जोडीत तिने संध्याकाळचे ढग घातले होते. फोनवर एकेक फोटो पाहिला तर फारच सुंदर. व्ह्यूअरमध्ये धरलं आणि ढग वाड्याच्या पुढे आले, खिडकीच्या काचेवर चिकटवल्यासारखे! दोन्ही चित्रांत ढग चौकटीच्या हिशेबाने अगदी त्याच जागी पेस्ट केले होते, म्हणून ते चौकटीच्याच अंतरावर दिसत होते आणि वाडा त्यांच्या मागे. मी लिहिलं, ‘डाव्या चित्रातलं आकाश थोडं डावीकडे, उजव्यातलं थोडं उजवीकडे सरकव. मागच्या भिंतीपेक्षा त्यांच्यातलं अंतर जास्त झालं की आकाश आपोआप मागे जाईल.’ छत्र्यांच्या फोटोत कडेला अर्धा कापला गेलेला खांब चौकटीच्या पुढे येत होता. तिथे डाव्या चित्राची डावी कड आणि उजव्याची उजवी कड सारखीच छाटायला सांगितली. खांब मागे गेला.

एकदा मात्र चुकलो. जुन्या एकाच फोटोवरून तिने आजीला वाड्याच्या दारात बसवलं होतं. मी लिहिलं, ‘आजी पुठ्ठ्याची दिसते, नाक आणि हात थोडे पुढे आण.’ तिचा फोन आला. ‘मामा, मला ती फोटोतूनच आलेली दिसायला हवी होती.’ तेव्हापासून शेऱ्याआधी विचारतो, तुला काय दाखवायचं होतं? आजीची सावली मात्र दगडी पायरीवर पडायला हवी होती, ते मी अजूनही म्हणतो.

आता मूळ मुद्दा. पाच-सहा महिन्यांत जवळजवळ प्रत्येक प्रिंटच्या मागे माझा एक शेरा होता: ‘उजवं चित्र वर आहे.’ राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. सज्जांच्या आडव्या कडा इतक्या, की किंचितही वरखाली झालं तरी डोळे ताणले जातात. दहा मिनिटांत माझं कपाळ दुखायचं. ती बिचारी दर वेळी पुन्हा जुळवायची, पुन्हा पैसे देऊन छापायची. शेवटी लॅपटॉप घेऊनच आली. स्टिरिओफोटो मेकर नावाच्या प्रोग्राममध्ये जोडी आपोआप जुळवून दाखवली, एका पिक्सेलचाही फरक नाही. ‘मामा, आता सांगा, कुठे वर आहे?’ मला तर अजूनही वरच दिसत होतं.

मग कागदावर पट्टीने एक सरळ रेघ मारली आणि मधला भाग खोडला. डावा तुकडा डाव्या भिंगाखाली, उजवा उजव्याखाली. दोन्ही मिळून एक रेघ दिसायला हवी, तर उजवा तुकडा पायरीसारखा वर. व्ह्यूअर सपाट आहे, म्हणून पुढची बाजू मागे करून धरला. आता डावा तुकडा वर! दोष प्रिंटचा असता तर बाजू बदलली नसती.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, ‘परत करायची मुदत संपली. चित्र दिसतंय ना?’ चार वेळा लिहिलं, चारही वेळा तेच. नवीन घ्यायला मन होईना. राजवाड्याजवळच्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने मोजलं, उजवं भिंग दीड मिलिमीटर खाली बसलेलं. भिंगाचं फोकस दहा सेंटिमीटर, म्हणजे दहा नंबरचं भिंग. इतक्या नंबरला एक मिलिमीटर सरकलं की एक प्रिझम (चित्र किती सरकतं त्याचं चष्मेवाल्यांचं माप), म्हणजे मीटरभर अंतरावर एक सेंटिमीटरचा फरक. माझ्या डोळ्यांवर दीड प्रिझम होता. ‘आडवा असता तर डोळ्यांनी सांभाळून घेतला असता,’ तो म्हणाला, ‘उभा नाही सांभाळत.’ खरंच आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने 1849 साली स्टिरिओस्कोप, म्हणजे असाच व्ह्यूअर, केला त्यात मुद्दाम अर्धी भिंगं आडवी सरकवून प्रिझमसारखी, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या तिरक्या काचेसारखी, वापरली होती. उभी नव्हे.

त्याने खाच घासली, खाली कागदाची पातळ पट्टी दिली, साठ रुपये घेतले. आता रेघ जुळते आणि अर्धा तास पाहिलं तरी कपाळ शांत. भिंगं स्वच्छ आहेत, कडेपर्यंत चित्र धारदार दिसतं, घडी शर्टाच्या खिशात मावते. या किमतीत मी हाच व्ह्यूअर पुन्हा घेईन, फक्त पट्टी आणि कागद बरोबर ठेवून.

काल रात्री तिचे जुने अकरा प्रिंट काढून परत पाहिले. नऊंवरचा ‘उजवं चित्र वर आहे’ खोडला. दोन खरंच वर होते, ते तसेच ठेवले. राजवाड्याच्या जोडीमागे नवीन लिहिलं: ‘जुळणी पहिल्यापासून बरोबर होती, चूक माझ्या भिंगाची. प्रिंटचे पैसे माझ्याकडून घे. आकाश अजून थोडं मागे ने.’