कर्क्सव्हिल की हार्लेम? डीओच्या दोन कॉलेजांतलं जगणं

हातात प्रवेशाची दोन पत्रं आहेत. एक मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिलचं, ए. टी. स्टिल विद्यापीठाचं. दुसरं न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या टुरो विद्यापीठाचं. दोन्ही कॉलेजं डीओची (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन; एमडी ही अमेरिकेतली डॉक्टरची नेहमीची पदवी, डीओ ही तिच्या बरोबरीची दुसरी), दोन्ही खासगी, दोन्हींची फी वर्षाला 60 हजार डॉलरच्या वर. डिपॉझिटची तारीख जवळ आलीय आणि जेवणाच्या टेबलावर रोज तोच विषय. न्यू जर्सीतल्या ज्या मराठी घरांत सध्या हे चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

डीओ खरा डॉक्टर असतो का, यावर फार वेळ घालवू नका. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत तो औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो. देशातल्या दर चार वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी एक तरी आज डीओच्या कॉलेजात आहे आणि 2020 पासून एमडी-डीओ दोघांची रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची, व्यवस्थाही एकच झाली आहे. पुण्यातले नातेवाईक गूगल करतात आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या ऑस्टिओपॅथबद्दल वाचून घाबरतात. तिकडचा ऑस्टिओपॅथ हाताने उपचार करणारा असतो, एमबीबीएसच्या तोडीचा डॉक्टर नव्हे. तो घोळ फोनवर एकदाच मिटवून टाका.

शिकवायचा भागही दोन्हीकडे बराचसा सारखा आहे: दोन वर्षं वर्ग आणि लॅब, दोन वर्षं रुग्णालयं, कॉमलेक्सच्या म्हणजे डीओंच्या परवान्याच्या परीक्षा. खरा फरक पडतो तो आजूबाजूच्या माणसांमुळे.

कर्क्सव्हिल हे ऑस्टिओपॅथीचं उगमस्थान. अँड्र्यू टेलर स्टिल स्वतः डॉक्टर होता. 1864 मध्ये त्याची तीन मुलं मेनिंजायटिसने गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. पुढे 1892 मध्ये त्याने इथे दोन खोल्यांच्या लाकडी घरात शाळा काढली आणि पहिल्याच वर्गात बायकांनाही घेतलं. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. स्टिलचं ओंडक्यांचं घर आजही कॉलेजच्या संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

गाव 17 हजारांच्या आसपास वस्तीचं. सेंट लुइस किंवा कॅन्सस सिटीला जायचं तर गाडीने तीन तास धरा. भारतीय किराणा हवा तर मिसुरीतलंच कोलंबिया शहर गाठायचं, दीड तास. रेल्वे जवळच्या ला प्लाटा गावी थांबते, शिकागो-लॉस एंजेलिस मार्गावरची. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेल्या मुलाला पहिला महिना जड जातो, हे उघड आहे. ऑगस्टमध्ये आई-वडील सोडायला जातात आणि परतताना गाडीत कोणी बोलत नाही.

पण याच एकटेपणामुळे तिथली मुलं एकमेकांना धरून राहतात. वर्गात 170च्या आसपास मुलं, बहुतेक सगळी बाहेरून आलेली, विकेंडला घरी पळण्याची कोणाचीच सोय नाही. एकाच गल्लीत घरं, एकाच दुकानात भाजी, परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांच्या स्वयंपाकघरात अभ्यास. बऱ्याच जणांची लग्नं झालेली असतात, काहींना लहान मुलं असतात. जोडीदारांचीही संघटना असते, कारण नवरा किंवा बायको शवविच्छेदनाच्या लॅबमध्ये अडकलेली असताना बाकीच्यांनी त्या गावात करायचं काय? अविवाहित मराठी मुलीला हे वातावरण सुरुवातीला परकं वाटेल. तरी अडीअडचणीला धावून येणारी माणसं तिथे लवकर मिळतात.

एक गोष्ट दोन्हीकडे आहे आणि एमडीच्या कॉलेजांत ती सापडत नाही. हाताने उपचार करण्याच्या लॅबमध्ये मुलं एकमेकांवरच शिकतात. जोड्या लावतात. एक जण टेबलावर उताणा झोपतो. दुसरा डोक्याशी बसून दोन्ही हातांची बोटं कवटी आणि मान जिथे जुळतात तिथे खाली सरकवतो आणि वाट पाहतो. दाबायचं नाही, डोक्याचं वजन बोटांवर येऊ द्यायचं. मिनिटभराने स्नायू सैल पडल्याचं बोटांना कळतं, म्हणजे कळायला हवं. पहिल्या सत्रात कोणाला काहीच कळत नाही. पाठ, कंबर, खांदे, सगळं याच पद्धतीने. त्यामुळे वर्गातल्या कोणाची मान आखडते आणि कोणाचा जुना गुडघा दुखतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी कपड्यांत सहाध्यायांसमोर झोपायचं, या कल्पनेने आपल्याकडच्या मुली संकोचतात. जोडीदार कोण, कपडे कोणते, याबद्दल आधीच विचारून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही. ही विद्या मनापासून शिकायची असेल तर माझं झुकतं माप कर्क्सव्हिलला. तिथल्या लोकांना तिचा अभिमान आहे. इतर अनेक कॉलेजांत मुलं ती परीक्षेपुरती शिकतात आणि रेसिडेन्सीत विसरून जातात.

हार्लेमचं चित्र निराळं. टुरोचं हे कॉलेज 2007 मध्ये सुरू झालं, 125व्या रस्त्यावर, अपोलो थिएटरच्या समोर. इमारत पूर्वीच्या ब्लुमस्टाइन्स या मोठ्या दुकानाची. 1934 मध्ये वस्तीतल्या लोकांनी याच दुकानावर बहिष्कार टाकला होता. गिऱ्हाइकं काळी चालतात मग विक्रेते काळे का नकोत, हा त्यांचा सवाल, आणि शेवटी दुकानाला नमावं लागलं. 1958 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर पुस्तकावर सह्या करताना हल्ला झाला तोही इथेच. हार्लेम हॉस्पिटलच्या सर्जननी त्यांचा जीव वाचवला. जिथे आज मुलं शरीरशास्त्र शिकतात, त्या जागेचा हा इतिहास आहे.

कॉलेजचा हेतूही त्याला धरून: ज्या समाजांतून डॉक्टर कमी येतात त्यांतून ते घडवायचे आणि दुर्लक्षित वस्त्यांत काम करायचं. 'मेडअचीव्ह' नावाचा त्यांचा उपक्रम मला सगळ्यात आवडला. आसपासच्या हायस्कूलची मुलं शाळा सुटल्यावर कॉलेजात येतात आणि वैद्यकीय विद्यार्थी दोन वर्षं त्यांना शिकवतात, हाताशी धरतात. व्हाइट कोट मिळून काही महिने झालेला मुलगा सोळा वर्षांच्या पोरांना हृदयाचे कप्पे समजावतो, तेव्हा त्याचा स्वतःचा अभ्यास किती कच्चा आहे हे त्याला तिथल्या तिथे कळतं.

मात्र वर्गातली एकजूट इथे कर्क्सव्हिलइतकी घट्ट असेल, असं गृहीत धरू नका. वर्ग सुटला की मुलं सबवेत शिरून चार दिशांना पांगतात. न्यू जर्सीचा मुलगा तर शुक्रवारी संध्याकाळी घरी वरण-भाताला हजर. आईला बरं वाटतं, पण वर्गातली मैत्री अशाच शनिवार-रविवारी जमते, ती मग राहून जाते. टुरो ही ज्यूंची संस्था असल्यामुळे सुट्ट्यांचं वेळापत्रक रोश हशाना, योम किप्पुर, पासओव्हर यांना धरून असतं, हेही माहीत असू द्या. शिवाय पत्रावर कॅम्पस कोणता लिहिलाय ते नीट वाचा. टुरोचं न्यूयॉर्क राज्यात मिडलटाउनलाही आहे आणि मोंटानात ग्रेट फॉल्सलाही. तसंच ए. टी. स्टिलचं दुसरं डीओ कॉलेज ॲरिझोनात मेसाला आहे. तिथली मुलं दुसऱ्या वर्षापासूनच देशभरातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत जाऊन राहतात.

कर्क्सव्हिलच्या मायेच्या गोतावळ्याबद्दल मी एवढं लिहिलं, त्यातली एक मेख पालकांच्या लक्षात येत नाही. तो गोतावळा दोन वर्षांचा. तिसऱ्या वर्षी मुलं वेगवेगळ्या राज्यांतल्या रुग्णालयांत विखुरली जातात आणि नव्या गावात पुन्हा घर शोधावं लागतं. टुरोची हार्लेमची मुलं बहुतांशी न्यूयॉर्क-न्यू जर्सी परिसरातच फिरतात. म्हणजे चार वर्षांचा हिशोब मांडला तर एकीकडे दोन वर्षं घट्ट आणि दोन वर्षं पांगापांग, दुसरीकडे चारही वर्षं सैल, पण एकाच शहरात.

आता यशाबद्दल. दोन्ही कॉलेजं मार्चमध्ये मॅचच्या (रेसिडेन्सीच्या जागा देशभर वाटून देण्याची प्रक्रिया) याद्या झळकवतात, विद्यार्थ्यांचे पुरस्कार, सिग्मा सिग्मा फाय या मानाच्या संस्थेतली निवड, सेवाकार्याचे तास, सगळं छापतात. कौतुक करा, पण वाचायचं शिका. 2024 मध्ये देशभरातल्या शेवटच्या वर्षाच्या डीओ विद्यार्थ्यांपैकी 92.3 टक्क्यांना मॅचमध्ये जागा मिळाली, एमडीच्या 93.5 टक्क्यांना. कॉलेज जेव्हा 98-99 टक्के 'प्लेसमेंट' सांगतं, तेव्हा त्यात मॅच हुकल्यावर धावपळ करून मिळवलेल्या जागाही धरलेल्या असतात. यादीत 'प्रिलिमिनरी' लिहिलेल्या जागा मोजा. त्या एकाच वर्षाच्या असतात, पुढचं वर्ष पुन्हा अधांतरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चार वर्षांपूर्वी या वर्गात किती मुलं होती ते विचारा. यादीत पोहोचलेल्यांचंच यश दिसतं.

पैशाचा भाग टाळून चालणार नाही. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस, म्हणजे सगळा खर्च भागेल एवढं सरकारी कर्ज, मिळत नाही. उरलेलं सरकारी कर्ज वर्षाला 50 हजार डॉलर आणि एकूण 2 लाखांवर थांबतं. फीच त्याहून जास्त, तेव्हा वरचं सगळं खासगी कर्जातून नाहीतर आई-बाबांच्या खिशातून. इथे कर्क्सव्हिल सरळ जिंकतं, कारण मॅनहॅटनमधल्या एका खोलीच्या भाड्यात तिथे अख्खं घर मिळतं. मुलगा जर्सीतल्या घरून ये-जा करणार असेल तर गणित बदलतं. पण रोजचे ते तीन तास तो कुठून आणणार?

माझं मत विचाराल तर: जे मूल स्वतःहून चार माणसं गोळा करतं आणि ज्याला शहरातल्या गरिबांच्या दवाखान्यात काम करायचं आहे, त्याने हार्लेम घ्यावं. जे घराजवळ राहिलं की घरातच गुरफटतं, त्याला कर्क्सव्हिलला पाठवा; त्याला तिथे मित्र मिळतील आणि हातही चांगला बसेल. घर जवळ आहे एवढ्याच कारणासाठी हार्लेम घेऊ नका.

डिपॉझिट भरण्याआधी दोन्हीकडे दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला, प्रवेश कार्यालयाने नेमून दिलेल्यांशी नव्हे. मागच्या परीक्षेत कोण नापास झालं आणि त्यानंतर त्याच्याशी कोण कसं वागलं, एवढं विचारा. जमलं तर कर्क्सव्हिल जानेवारीत बघून या, बर्फ पडलेला असताना, आणि मुलाला एकट्याने जाऊ द्या.