जहाजाचं बिल ‘तुमच्याच चलनात’: या सोयीचं परीक्षण

क्रूझच्या ऑनलाइन चेक-इनमध्ये कार्ड नोंदवताना, जहाजावरच्या काउंटरवर आणि बंदरातल्या दुकानांत एक सेवा हमखास पुढे येते. बिल जहाजाच्या चलनात न घेता तुमच्या कार्डाच्या चलनात घेऊ, म्हणजे किती पैसे गेले ते तुम्हाला लगेच कळेल, असं तिचं म्हणणं असतं. तिचं अधिकृत नाव डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, बोलीभाषेत डीसीसी. रूपांतराचा दर व्यापाऱ्याच्या बाजूची बँक किंवा तिची भागीदार कंपनी ठरवते आणि बाजारभावाशी असलेल्या फरकातला वाटा व्यापाऱ्यालाही मिळतो. काउंटरवरचा माणूस हा पर्याय इतक्या आपुलकीने का सुचवतो, हे त्यावरून कळावं.

सेवा म्हणून गुण द्यायचे तर पाचपैकी एक. तो एक गुण फक्त रक्कम जागच्या जागी कळते म्हणून. ऑफिसला खर्चाचा हिशेब लगेच द्यायचा असेल, तर त्याचा थोडाफार उपयोग आहे. बाकीच्यांसाठी ही महागडी करमणूक आहे.

यात दोन शुल्कांची गल्लत होते. एक डीसीसीचा मार्कअप (बाजारभावावर चढवलेला जादा टक्का), जो सहसा 3 ते 7 टक्के असतो आणि कधी त्याहूनही वर जातो. दुसरं तुमच्या स्वतःच्या बँकेचं परकीय व्यवहार शुल्क, बऱ्याच कार्डांवर 3 टक्क्यांच्या आसपास. डीसीसी घेतलं की दुसरं सुटतं, असं लोक धरून चालतात. अनेक बँका मात्र व्यापारी परदेशातला आहे एवढ्यावरूनच शुल्क लावतात, मग रक्कम घरच्या चलनात आली असली तरी. 1,500 डॉलरच्या बिलावर 4 टक्के डीसीसी धरला तर 60 डॉलर जातात. वाढलेल्या 1,560 वर बँकेचे 3 टक्के म्हणजे आणखी 46.80. एकूण फटका 106.80. हेच बिल डॉलरमध्येच घेतलं तर 45 डॉलर जातात, आणि परकीय व्यवहार शुल्क नसलेलं कार्ड असेल तर काहीच नाही. व्हिसा आणि मास्टरकार्डचा स्वतःचा दर बाजारभावाच्या बराच जवळ असतो. दोघांच्या संकेतस्थळांवर दर तपासायचं गणकयंत्र आहे, त्यात बँकेच्या शुल्काचा टक्का घातला की खरी रक्कम दिसते. फक्त हा दर व्यवहार प्रक्रियेत येतो त्या दिवसाचा लागतो, त्यामुळे एकदोन दिवसांचा थोडा फरक पडला तर दचकायचं कारण नाही.

दुकानातल्या मशीनवर दोन्ही रकमा समोर दिसतात, तिथे नकार देणं सोपं असतं. जहाजावर तसं नाही. तिथे सगळा खर्च केबिनच्या खात्यावर चढत राहतो आणि कार्डावर रक्कम शेवटी पडते. काही कंपन्यांच्या प्रवास करारातच लिहिलेलं असतं की कार्ड दुसऱ्या चलनाचं असेल तर खातं आपोआप रूपांतरित होईल, नको असल्यास कळवावं. म्हणजे संमती तुम्ही चेक-इनच्या वेळी एका खुणेने देऊन बसलेला असता. म्हणून पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ‘माझं खातं जहाजाच्याच चलनात आकारा’ असं स्पष्ट सांगावं आणि तशी नोंद झाल्याचा कागद मागून घ्यावा. एका केबिनमधल्या दोघांनी वेगवेगळी कार्डं दिली असतील तर दोन्हींसाठी सांगावं. मधेच कार्ड बदललं तर पुन्हा विचारावं. शेवटच्या रात्रीवर हे काम टाकू नये. तेव्हा काउंटरपुढे रांग असते आणि पहाटे खाती बंद होतात.

जहाजाचं चलन कोणतं, हे आधी पाहून ठेवावं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचं डॉलर असतं. भूमध्य समुद्रात एमएससी आणि कोस्टा युरो घेतात, ब्रिटनच्या पी अँड ओच्या जहाजांवर पौंड चालतो. बंदराचं चलन वेगळं असू शकतं. डॉलरचं जहाज नॉर्वेत थांबलं तर किनाऱ्यावर क्रोनच लागतो. क्रोएशियात मात्र 2023 पासून युरो आहे, जुन्या माहितीवर कुना शोधत बसू नये.

प्रीपेड ट्रॅव्हल कार्डाची जाहिरात क्रूझसाठी जोरात होते, पण जहाजावर ते फारसं जमत नाही. कार्डात पैसे भरतानाच चलनाचा दर ठरतो आणि त्यात कार्ड देणाऱ्याचा मार्कअप असतो. भरलेल्या चलनाहून वेगळ्या चलनात खर्च केला की आणखी शुल्क, उरलेली रक्कम परत घेताना पुन्हा वेगळा दर. शिवाय जहाज रोजच्या अंदाजाने रक्कम अडकवून ठेवतं, ज्याला होल्ड म्हणतात. प्रीपेड किंवा डेबिट कार्डावर हे तुमचेच खरे पैसे असतात, आणि प्रवास संपल्यावरही ते मोकळे व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. दरम्यान बंदरातलं जेवणाचं बिल नाकारलं जातं ते यामुळेच. खात्यासाठी क्रेडिट कार्ड आणि किनाऱ्यासाठी दुसरं कार्ड, ही विभागणी बरी. क्रेडिट कार्ड नसेल तर बऱ्याच जहाजांवर रोख अनामत ठेवून खातं चालवता येतं.

जहाजावरचं एटीएम शेवटचा उपाय समजावं. मशीनचं शुल्क, तुमच्या बँकेचं शुल्क आणि वर डीसीसीचा प्रश्न. पडद्यावर ‘रूपांतर नाकारा’ आलं की लोक घाबरून ‘स्वीकारा’ दाबतात, कारण व्यवहारच रद्द होईल असं वाटतं. तसं होत नाही. नाकारल्यावरही पैसे येतात, फक्त दर तुमच्या कार्डाच्या बाजूचा लागतो. कॅसिनोसाठी केबिनच्या खात्यावरून रोख उचलली तर काही कंपन्या वेगळे 3 ते 5 टक्के घेतात, याचा चलनाशी काही संबंध नसतो.

बुकिंगच्या वेळचं गणित वेगळं आहे. कंपनीची तुमच्या देशासाठी वेगळी साइट असेल तर तिथलं भाडं स्वतंत्रपणे ठरवलेलं असतं. ते भाडं जहाजाच्या चलनातल्या भाड्याने भागावं. येणारा दर बाजारभावाहून 2 टक्क्यांपर्यंत वाईट असला तरी, बँक 3 टक्के घेत असेल तर घरच्या चलनातलं बुकिंग स्वस्त पडतं, मात्र ते पैसे देशातच जमा होतात ना, ते आधी विचारावं. नाहीतर परदेशी व्यवहाराचं शुल्क लागतंच. दोन्ही भाड्यांत कर, बंदर शुल्क आणि बक्षिसी सारखीच धरली आहे का, हेही पाहावं. परकीय चलनात भरलेलं बुकिंग रद्द झालं तर परतावा त्या दिवसाच्या दराने येतो, आणि पहिल्या वेळचं बँकेचं शुल्क सहसा परत मिळत नाही.

शेवटच्या संध्याकाळी खात्याची छापील प्रत घेऊन चलनाची ओळ वाचावी. नकार देऊनही रूपांतर झालेलं दिसलं तर उतरण्यापूर्वीच ते रद्द करून मूळ चलनात पुन्हा आकारायला सांगावं. घरी आल्यावर कळलं तर बँकेकडे तक्रार करता येते. व्हिसाच्या नियमांत चुकीच्या चलनासाठी 12.3 हा स्वतंत्र वाद-संकेत (तक्रारीच्या प्रकाराचा क्रमांक) आहे. पहिल्या दिवशी घेतलेला कागद तिथे पुरावा म्हणून जोडावा.