कूस बदलली की खोली फिरते? आधी खिसा सांभाळा

चक्कर येणाऱ्या रुग्णाची जाड फाइल उघडली की आतले कागद बहुतेक वेळा ठरलेलेच निघतात. वर मानेचा एक्स-रे, त्यावर ‘स्पॉन्डिलोसिस’, म्हणजे मणक्यांची झीज, असा शेरा. त्याखाली मेंदूचा एमआरआय, नॉर्मल. मग बीटाहिस्टिन आणि सिनारिझिनच्या चिठ्ठ्या, महिन्यामागून महिना त्याच गोळ्या ‘पुढे चालू’. मानेच्या पट्ट्याची पावती, रंगीत आलेखांचा ‘बॅलन्स टेस्ट’ रिपोर्ट, दहा बैठकांचं कार्ड आणि त्यावर सहा शिक्के. अगदी तळाशी कानाच्या नसा ‘पुन्हा जाग्या’ करणाऱ्या कॅप्सूलचं पत्रक. अख्ख्या फाइलमध्ये एक ओळ मात्र सापडत नाही: रुग्णाला आडवं करून डोळे पाहिले, अमुक कान खाली असताना बुबुळं फिरली. त्या तपासणीला एक पलंग आणि एखादं मिनिट लागतं. ती झाली नाही म्हणूनच फाइल एवढी जाड झालेली असते.

गरगरण्याचं कानातलं सर्वात नेहमीचं कारण म्हणजे बीपीपीव्ही, डोक्याची स्थिती बदलली की थोडा वेळ येणारी चक्कर. आतल्या कानात युट्रिकल नावाची एक पिशवी असते आणि तिच्या पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे चिकटलेले असतात. वयामुळे, डोक्याला मार बसल्यामुळे, फार दिवस अंथरुणाला खिळल्यामुळे किंवा काहीच कारण नसताना हे खडे सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडतात. बहुधा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यांत खाली येते. मग डोकं मागे टेकवलं, कूस बदलली किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की खडे नळीतल्या द्रवाला ओढत नेतात. डोकं स्थिर झालं तरी कान मेंदूला ‘फिरतोय, फिरतोय’ असं कळवत राहतो. एका मिनिटाच्या आत गरगर थांबते. मळमळ आणि भीती मात्र दिवसभर पुरते.

हा आजार बऱ्याच जणांत काही आठवड्यांत आपोआप शमतो, आणि सगळा धंदा याच एका गोष्टीवर उभा आहे. चक्कर ऐन भरात असताना माणूस घाबरून दारात येतो. त्या आठवड्यात त्याला जे काही विकलं जाईल, गोळी असो, तेल असो की मनगटात बांधायचा चुंबकीय पट्टा, त्याच्याच माथी बरं होण्याचं श्रेय जातं. पुढे हा आजार उलटतोही. पाच वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांना तो पुन्हा गाठतो, म्हणजे गिऱ्हाईकही परत येतं. असं करणारे सगळेच लबाड असतात असं नाही. काही जण सवयीने करतात, काहींना डोळे पाहायला कोणी शिकवलेलंच नसतं. रुग्णाच्या खिशाला त्याने काही फरक पडत नाही.

मानेपासून सुरुवात करू, कारण सर्वात जास्त लोक इथेच अडकतात. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसतेच. ज्यांना कधी चक्कर आली नाही त्यांच्याही दिसते. वर पाहताना गरगरतं आणि वर पाहताना मानही वाकते, म्हणून दोष मानेवर टाकणं सोपं जातं. फरक ओळखायची एक साधी खूण आहे. पलंगावर मान न पिळता, डोकं आणि धड एका रेषेत ठेवून, अख्खं अंग लाटण्यासारखं वळवलं तरी गरगरलं, तर मानेला दोष देण्यात अर्थ नाही. पट्टा बांधून खड्यांना काहीच होत नाही. उलट डोकं हलणं कमी झालं की मेंदूला नव्या तोलाशी जुळवून घ्यायला उशीर लागतो. यापुढची पायरी म्हणजे मानेला झटका देऊन ‘नस मोकळी करणं’. ती निव्वळ पैशांची फसवणूक राहत नाही. अशा झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकाला माहीत आहेत.

आता गोळ्या. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेक्लिझिन ही औषधं तोलाची यंत्रणा बधिर करतात. कानाच्या नसेला सूज येऊन दिवसभर सलग गरगरत असेल, उलट्या थांबत नसतील, तर दोन-तीन दिवस त्यांचा उपयोग होतो. खडे मात्र त्यांनी जागचे हलत नाहीत. महिनोन्महिने चालू ठेवली की झोपाळूपणा येतो आणि म्हाताऱ्या माणसांचं पडणं वाढतं. सिनारिझिन, फ्लुनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिनने तर पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू लागतात: हात थरथरणं, पाय घासत चालणं, चेहरा निर्विकार होणं. घरच्यांना वाटतं चक्कर बळावली. तसं सांगितलं की चिठ्ठीवर गोळी वाढते. या फेऱ्यात सापडलेल्या वृद्धाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केली की चाल बहुतेकदा सुधारते, पण त्यात कित्येक आठवडे ते महिने जातात. आणखी एक तोटा सहसा कोणी सांगत नाही. गोळीच्या अमलाखाली तपासलं तर बुबुळांची हालचाल दबते आणि खरा बीपीपीव्हीसुद्धा ‘काही नाही’ म्हणून सुटून जातो.

बीटाहिस्टिनची गोष्ट थोडी वेगळी. ती मेनिएरच्या आजारासाठी दिली जाते. त्यात वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत चालणारे झटके येतात, कानात दडा बसतो, शिट्टी वाजते आणि ऐकू येणं कमी-जास्त होतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मेनिएरच्या २२१ रुग्णांना नऊ महिने कमी मात्रा, जास्त मात्रा किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली होती. तिन्ही गटांत झटके कमी झाले आणि गटागटांत फरक दिसला नाही. म्हणजे हा आजार स्वतःच्या लहरीने ओसरतो. म्हणूनच मेनिएरवर ‘हमखास गुण’ असं लिहिणाऱ्यांना अनुभव सांगणारे रुग्णही हमखास मिळतात. आणि श्रवणचाचणीचा आलेख न काढताच कोणी मेनिएरचं नाव घेतलं, तर तो निव्वळ अंदाज समजायचा.

खऱ्या उपायाचा मुखवटा घालून आलेली फसवणूक ओळखायला सर्वात अवघड. ‘खडे जागेवर बसवतो’ असं म्हणणारी ठिकाणं आता पुष्कळ निघाली आहेत आणि हा उपचार खराच आहे. जॉन एप्ली यांनी १९९२ साली त्याची पद्धत प्रसिद्ध केली. म्हणून तो नीट केला तर कसा दिसतो ते माहीत असलेलं बरं.

उजवा कान धरू. रुग्ण पलंगावर पाय लांब करून बसतो आणि मान उजवीकडे ४५ अंश वळवतो. तपासणारा त्याचं डोकं धरून त्याला झटकन पाठीवर आडवं करतो, डोकं पलंगाच्या पातळीखाली २० ते ३० अंश लोंबतं. इथे घाई करायची नाही. दोन-पाच सेकंद काहीच घडत नाही, मग बुबुळं ठेका धरतात: वरच्या दिशेने झटके, आणि त्याच वेळी बुबुळाचा वरचा काठ खालच्या, म्हणजे उजव्या कानाकडे गोल वळतो. वेग वाढतो, ओसरतो, मिनिटाच्या आत थांबतो. ही डिक्स-हॉलपाइक तपासणी. डोळे मिटलेले असतील आणि तपासणारा घड्याळाकडे बघत असेल, तर ती झालीच नाही. तिथूनच पुढे उपचार. गरगर थांबली की आणखी अर्धा मिनिट थांबून डोकं डावीकडे ९० अंश वळवायचं, तितकंच थांबायचं. मग रुग्ण अंगासह डाव्या कुशीवर वळतो, नाक खाली जमिनीकडे तिरपं, पुन्हा थांबायचं. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून उठून बसायचं. सगळं मिळून पाच मिनिटांच्या आत.

चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. कान चुकीचा धरला जातो. दोन अवस्थांच्या मध्ये थांबत नाहीत. मळमळलं म्हणून रुग्णाला अध्येच उठवून बसवतात आणि खडे आल्या वाटेने परत जातात. कधी ते मागच्या नळीतून आडव्या नळीत शिरतात. मग बुबुळं वर नाही, आडवी हलतात, आणि त्याची तपासणी व उपचार दोन्ही वेगळे असतात. मानेचा गंभीर विकार असेल किंवा डोळ्याच्या पडद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर हे आधी सांगायलाच हवं.

बहुतेकांना हे एक ते तीन वेळा केलं की पुरतं. तीनदा नीट करूनही फरक नसेल तर चौथी बैठक घ्यायची नाही, निदान पुन्हा तपासायचं. म्हणून पहिल्याच दिवशी, तपासणीच्या आधी, दहा बैठकांचे पैसे मागणं हीच सर्वात मोठी खूण. ‘अजून थोडे खडे उरलेत’ हे वाक्य डोळे न पाहता बोललं गेलं तर त्याला आधार नाही. ‘एमआरआयमध्ये खडे दिसले’ ही सरळ थाप आहे. ते खडे मायक्रॉनमध्ये मोजायचे, एमआरआयमध्ये ते दिसत नाहीत. उपचारानंतर दोन रात्री बसून झोपा, अमुक उशी आमच्याकडूनच घ्या, याचीही गरज नसते. बुबुळं टिपणारे कॅमेऱ्याचे चष्मे ही चांगली वस्तू आहे, अंधारात हालचाल स्पष्ट दिसते. पण यंत्राने छापलेला आलेख म्हणजे उपचार नव्हे. चष्मा लावला, आलेख दिला आणि डोकं कोणी फिरवलंच नाही, अशा तक्रारी कमी नाहीत.

कानात घालायच्या वस्तूंबद्दल फार लिहायला नको. पडदा शाबूत असेल तर थेंब पडद्यापाशीच अडतात, आतल्या कानात पोचत नाहीत, तेव्हा ‘खडे विरघळवणारे थेंब’ असं काही नसतं. कानातून खडा काढून बशीत ठेवून दाखवला, तर तो मळ तरी असतो किंवा हातचलाखी. कानात लावून जाळायच्या मेणाच्या नळीत उरणारा तपकिरी गाळ त्या नळीचाच असतो. एक बारीक युक्ती मात्र माहीत हवी. थंड द्रव कानात गेला की निरोगी माणसालाही गरगरतं. याच तत्त्वावर ३० आणि ४४ अंश सेल्सिअसच्या पाण्याने कानाची चाचणी करतात. थंड थेंब घालून ‘बघा, औषध लागू पडतंय’ असं सांगणारा हेच वापरतो.

फसवणुकीचा उलटा प्रकारही आहे, आणि तो जिवावर बेततो: खरा मेंदूचा झटका आणि ‘कानाचं आहे, पित्ताचं आहे’ म्हणून घरी पाठवणी. गरगर सलग चालू आहे आणि त्यासोबत दोन दिसतंय, बोबडी वळतेय, तोंड वाकडं झालंय, हात-पाय बधिर आहेत, आधार घेऊनही उभं राहता येत नाही किंवा मान अचानक प्रचंड दुखतेय, तर मिनिटभर न थांबता मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही. लहान मेंदूचा सुरुवातीचा झटका त्यात सहज चुकतो. पहिल्या दोन दिवसांत एमआरआयही कधीकधी चकवतो, म्हणून डोळे आणि चाल तपासणं तिथेही सुटत नाही. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं असेल तर तीही तातडी. स्टिरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर उपयोगाची शक्यता जास्त, आणि ‘कानात मळ आहे, थेंब घाला’ यातच ते दिवस निघून जातात.

दवाखान्यात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: गरगर किती वेळ टिकते, कशाने सुरू होते आणि ऐकण्यात काही बदल होतो का. सेकंदांची आणि कूस बदलताना येणारी असेल तर खड्यांचा संशय. पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही, सोबत उजेड-आवाज सोसत नाही आणि पूर्वीपासून अर्धशिशी असेल, तर अर्धशिशीची चक्कर. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर कानाला हात लावण्याआधी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांपर्यंत रक्तदाब मोजायला सांगायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कारण तिथे आहे. बऱ्याचदा रक्तदाबाचीच गोळी जास्त झालेली असते.

आणि एकदा बरं झाल्यावर चक्कर उलटली, तर मागच्या वेळी उजवा कान होता म्हणून या वेळीही उजवाच धरू देऊ नका. दोन्ही बाजू पुन्हा तपासायला लावा.