दिवा चालू, कांडी गार : २८ लिटरच्या ओटीजीचा दुरुस्तीनंतरचा अनुभव

आमचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) २८ लिटरचा आणि १५०० वॅटचा आहे, वर दोन आणि खाली दोन कांड्या (विजेवर तापणाऱ्या धातूच्या नळ्या) असलेला. वॉरंटी संपेपर्यंत त्याने तक्रारीला जागा दिली नाही. केक, पाव, भाजलेली वांगी, दिवाळीतली नानकटाई हे सगळे त्याने नीट केले, आणि हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर मी डोळे मिटून पाच तारे दिले असते. मग नानकटाई वरून तांबूस आणि खालून पांढुरकी निघू लागली. पावाचा माथा करपायला आला तरी बूड कच्चेच राहायचे. ताटली एक खाच खाली सरकवली, वेळ वाढवला, तरी फरक पडेना, कारण खालच्या दोन्ही कांड्या गार होत्या आणि ओव्हनचा लाल दिवा मात्र अखंड चालू होता.

या दिव्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. सोबतच्या माहितीपुस्तिकेत 'दिवा लागला की ओव्हन तापत आहे असे समजावे' अशा अर्थाचे वाक्य आहे आणि ते चुकीचे आहे. हा छोटा निऑन दिवा टायमरच्या पुढे, विद्युतपुरवठ्याला समांतर जोडलेला असतो. तिथवर वीज पोहोचली आहे एवढेच तो सांगतो. कांडीतून प्रवाह वाहतो की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. चारही कांड्या काढून ठेवल्या तरी तो तसाच लागेल. बिघाड दाखवण्यासाठी यंत्रावर असलेली एकमेव खूण बिघाडाच्या वेळी सगळे ठीक आहे असे सांगत असेल, तर ती नसलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंपनीच्या सेवा केंद्राने ओव्हन न पाहताच फोनवर 'थर्मोस्टॅट गेला', म्हणजे तापमान राखणारा स्विच बिघडला, असे निदान केले आणि दुरुस्तीचा जो अंदाजे खर्च सांगितला, तो नव्या ओव्हनच्या निम्म्याच्या घरात जात होता. शिवाय जुना देऊन नवा घेण्याची योजनाही लगेच पुढे केली. हे निदान तर्काला धरून नव्हते. या रचनेत थर्मोस्टॅट एकच असतो, त्यातून वीज निवड-बटणाकडे जाते आणि तिथून वरच्या व खालच्या जोडीकडे वाटली जाते. वरची जोडी लालबुंद होत असेल तर टायमर आणि थर्मोस्टॅट दोन्ही शाबूत आहेत. दोष त्यांच्या पुढे, म्हणजे निवड-बटणात, वायरीत किंवा खुद्द कांडीत असणार.

खात्री करून घ्यायला विजेच्या मीटरचा उपयोग झाला. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० इम्पल्स (दिव्याचे लुकलुकणे) असे छापलेले आहे. फ्रिज, पंखे, दिवे सगळे बंद करून एकटा १५०० वॅटचा ओव्हन चालवला, तर मीटरवरचा दिवा मिनिटाला ८० वेळा लुकलुकायला हवा. वर-खाली दोन्ही कांड्यांवर बटण ठेवून मोजले, तर तो चाळिसाच्या आसपासच लुकलुकत होता. म्हणजे ओव्हन निम्म्याच शक्तीवर चालत होता. मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर हिशेब त्याप्रमाणे बदलावा; मात्र स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी ही बिनखर्चाची चाचणी प्रत्येकाने करावी.

त्यानंतर प्लग काढून, ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर बाजूचे पत्रे उघडले. वायरींचा फोटो काढून ठेवला, खालच्या जोडीची एका टोकाची वायर सोडवली (नाही तर मल्टिमीटर दुसऱ्याच मार्गाने रीडिंग देतो) आणि ओहम (विजेला होणारा रोध) मोजले. जोडीला काहीच रीडिंग नाही. प्रत्येक कांडी वेगळी मोजली, तेव्हा एक सुमारे ३५ ओहम दाखवत होती आणि दुसरी पूर्ण तुटलेली होती. तुटलेल्या कांडीच्या टोकापासून बोटभर अंतरावर टाचणीच्या डोक्याएवढा काळा फोड होता आणि त्यातून पांढरी पूड बाहेर आली होती. नायक्रोमची (तापणाऱ्या मिश्रधातूची) तार आणि बाहेरची धातूची नळी एकमेकींना लागू नयेत म्हणून आत भरलेली मॅग्नेशियम ऑक्साईडची ही पूड.

एक कांडी गेल्यावर दुसरी का थांबली, याचे कारण दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकीतून वीज दुसरीत जाईल अशा, जोडलेल्या होत्या. हे पाहून मला आधी संताप आला. कांड्या वेगवेगळ्या जोडल्या असत्या तर निदान अर्धी उष्णता तरी खालून मिळाली असती. पण कागदावर हिशेब मांडल्यावर माझे मत बदलले. ३७५ वॅटची (१५०० भागिले चार) एक कांडी थेट २३० व्होल्टवर चालवायची तर तिचा रोध सुमारे १४१ ओहम हवा, म्हणजे तार खूपच बारीक आणि लांब लागणार. दोन कांड्या सिरीजमध्ये घेतल्या की प्रत्येकीला ११५ व्होल्ट मिळतात आणि ३५ ओहमची जाड, दणकट तार चालते. म्हणजे ही काटकसर नसून विचारपूर्वक केलेली रचना आहे आणि त्याचे श्रेय कंपनीला दिलेच पाहिजे.

गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याने 'तुटलेली वगळून चांगली कांडी डायरेक्ट करून देतो' असा उपाय सुचवला होता. कोणीही तो मान्य करू नये. ३५ ओहमच्या एकट्या कांडीवर २३० व्होल्ट आले, तर ती ३७५ ऐवजी १५०० वॅट ओढेल, म्हणजे चौपट. ती तर जळेलच, शिवाय आगीचाही धोका आहे. २३० व्होल्टची तयार कांडी या जोडीत बसवणेही चूक, कारण मग रोध वाढून खालची एकूण शक्ती ७५० वरून ३०० वॅटवर येते.

तुटलेली कांडी सोबत घेऊन पुण्यातल्या तापकीर गल्लीत गेले आणि लांबी, टोकाची पट्टी व ओहम जुळवून जोडी घेतली. सेवा केंद्राच्या अंदाजापुढे तिची किंमत किरकोळ होती. दोन्ही कांड्या बदलल्या, कारण सिरीजमध्ये रोध कमी-जास्त असेल तर जास्त रोधाची कांडी अधिक तापते. जुनी चांगली कांडी जपून ठेवली आहे. गंजलेला नट सोडवताना आतली पिन पक्कडीने धरून ठेवणे अत्यावश्यक आहे, नाही तर पिन फिरून आतली तार तुटते. एक थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) काळे पडले होते, तेही बदलले. तिथली वायर फायबरग्लास वेष्टनाचीच हवी. साधी पीव्हीसी वायर तिथल्या उष्णतेला टिकत नाही. शेवटी कांडीची टोके आणि ओव्हनचा पत्रा यांच्यात मल्टिमीटर काहीही रीडिंग देत नाही हे तपासले, मगच पत्रे बसवले. पहिल्यांदा खिडक्या उघड्या ठेवून ओव्हन रिकामा तापवला, तेव्हा थोडा धूर आणि वास आला, नंतर गेला. मीटर पुन्हा ८०च्या जवळ आला आणि नानकटाईचे बूड पूर्वीसारखे खमंग झाले.

आता ताऱ्यांचा हिशेब. भाजण्याला आणि आतल्या रचनेला पूर्ण गुण. एक तारा कापते तो दिव्याबद्दलच्या त्या चुकीच्या वाक्यासाठी. प्रवाह ओळखणारा दिवा महाग पडत असेल हे मान्य, पण पुस्तिकेतली ओळ दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. दुसरा तारा सेवेसाठी जातो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले, तरीही या कंपनीच्या कांडीवर व्होल्ट, वॅट किंवा सुट्या भागाचा क्रमांक, यांपैकी काहीच छापलेले नाही. हाच ओव्हन पुन्हा घेईन का, तर हो, घेईन. मात्र पैसे देण्यापूर्वी खालची कांडी सुटी मिळते का आणि कितीला, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घेईन.