पायथॉनचे क्लास: गुळाच्या अडतीत आठ महिने चालवल्यावर

गेल्या दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे झाले आणि त्याच संध्याकाळी मामाच्या अडत दुकानात मी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला हिशेब चालू केला. आता जुलै आहे. पंचगंगेला पाणी चढलंय, गुऱ्हाळं थंड आहेत, गाड्या येत नाहीत. लिहायला हीच वेळ.

मी कॉलेजात जावा ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा शिकलो आणि नोकरीतही चार वर्षं जावाच केलं, तेव्हा हा अनुभव जावावाल्याच्या डोळ्यांचा आहे. पायथॉनची बाकी अंगं सोडून फक्त क्लास, ऑब्जेक्ट आणि त्या पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या मेथड्सबद्दल (मेथड म्हणजे क्लासमध्ये लिहून ठेवलेलं एखादं काम) लिहितोय. माझं आठ महिन्यांतलं सुख आणि डोकेदुखी दोन्ही तिथलीच.

काम साधं. शेतकऱ्याची गाडी येते, रवे (गुळाच्या ढेपा) उतरतात, वजन होतं, सौद्यात क्विंटलचा दर फुटतो, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, द्यायची. म्हणून माझे क्लास मुख्यतः तीन: रवा, पट्टी आणि रक्कम. नावं खरंच देवनागरीत आहेत, पायथॉन ३ ला ती चालतात. दिवाणजी मराठी कीबोर्डवर '३०' टाइप करतात, तेही इंट, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन, मुकाट्यानं घेतं. कोडमध्ये आकडा लिहायचा तर मात्र इंग्रजीच लागतो.

आता मुद्द्याचं. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वस्तू, असं सगळीकडे शिकवतात. कोल्हापुरात तर हा दाखला आयताच मिळतो: कापड घातलेल्या साच्यात गूळ ओतला, थंड झाला, उलटा केला की रवा तयार. पण पायथॉनमध्ये हा दाखला अर्ध्यात फसतो. खरा रवा एकदा साच्यातून निघाला की त्याचा साच्याशी संबंध संपला. पायथॉनचं ऑब्जेक्ट मात्र जन्मभर क्लासचं बोट धरून असतं. तुम्ही 'हा_रवा.किंमत' म्हणालात की ते साधारणपणे आधी स्वतःच्या खिशात, म्हणजे नावं आणि त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्या डिक्शनरीत बघतं. तिथं नसेल तर क्लासमध्ये, तिथंही नसेल तर तो क्लास ज्यांच्यावरून बेतला त्या आईबापांच्या क्लासमध्ये. आणि हे बघणं त्या त्या क्षणी होतं. मी शेल (एकेक ओळ लिहून पायथॉन चालवायची खिडकी) उघडून आधी ऑब्जेक्ट बनवलं, मग क्लासमधली किंमत मेथड बदलली, तर आधीचं ऑब्जेक्टही नव्या पद्धतीनं हिशेब करायला लागलं. जावावाल्याला हे बघून जरा भोवळच येते.

हे नीट न समजल्याचा दणका दुसऱ्याच आठवड्यात बसला. पट्टी क्लासमध्ये वरच्या ओळीला मी हमालीचा दर लिहिला आणि त्याच्याखाली 'रवे' नावाची रिकामी लिस्ट. जावात तसं लिहिलं की प्रत्येक ऑब्जेक्टला आपली आपली लिस्ट मिळते. पहिली पट्टी बरोबर निघाली. दुसरी निघाली तेव्हा दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, ह्या पाव्हण्याचे चाळीस रवे उतरलेत, पट्टीवर शंभर कसे?" पहिल्या शेतकऱ्याचे साठ त्यात मिसळले होते. शेतकरी समोरच बसलेला, तो म्हणाला, "राहू द्या की, चुकलंय तर चुकलंय." सगळे हसले, मी सोडून.

झालं असं की ती लिस्ट क्लासची होती, एकच, आणि सगळ्या पट्ट्या त्या एकीतच अपेंड करत होत्या. गोची अशी की शेजारचा हमालीचा दर मात्र बिनबोभाट चालत होता. कारण एखाद्या पट्टीला 'सेल्फ.हमाली' (सेल्फ म्हणजे ते ऑब्जेक्ट स्वतः) म्हणून नवा आकडा दिला की तो त्या पट्टीच्या खिशात जातो, क्लासचा आकडा तसाच राहतो. अपेंड म्हणजे नवं काही देणं नव्हे, आहे त्याच लिस्टमध्ये भर घालणं. एका जागी लिहिलेल्या दोन गोष्टी, एक निर्धास्त आणि एक सुरुंग. लिस्ट इनिटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये, 'सेल्फ.रवे' म्हणून हलवली आणि प्रश्न मिटला. पुढे डेटाक्लास सापडला, तो पायथॉन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. तो इनिट, रेप्र (ऑब्जेक्टची प्रोग्रॅमरला दिसणारी ओळख) आणि समानता स्वतः लिहून देतोच, शिवाय अशी लिस्ट डिफॉल्ट म्हणून दिलीत तर सरळ एरर फेकतो. हे आधी कळलं असतं तर ते हसू वाचलं असतं.

आता सुखाची बाजू. अंडरस्कोरवाल्या मेथड्स आपण हाक मारायच्या नसतात, भाषा मारते. प्रिंट केलं की ती क्लासला स्ट्र (छापायचा मजकूर) विचारते, अधिकचं चिन्ह दिसलं की ॲड विचारते, संख्या मोजणारं लेन म्हटलं की लेन. आपण फक्त उत्तर लिहून ठेवायचं. माझा रक्कम क्लास आत नुसते पैसे साठवतो, पूर्णांकात. दशांशावर विसंबलो नाही, कारण ०.१ अधिक ०.२ केलं की पायथॉन ०.३०००००००००००००००४ दाखवतं, आणि असला आकडा दिवाणजींना दाखवायची माझी छाती नाही. दुसरी अडचण स्वल्पविरामाची: फॉरमॅटमधला तयार स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनी पडतो, १,२३,४५६ ऐवजी १२३,४५६. मग स्ट्र मेथडमध्ये लाख-हजाराची मांडणी एकदाच लिहिली. त्या दिवसापासून सगळ्या दुकानात कुठंही रक्कम छापली तरी ती आपल्या पद्धतीनं येते. फक्त लिस्ट छापली की आतल्या रकमा स्ट्र न विचारता रेप्र विचारतात, आणि रेप्र लिहिलेली नसेल तर मेमरीतल्या पत्त्याची लांबलचक ओळ समोर येते. तेव्हा रेप्र आधी लिहा, बाकी नंतर.

बेरजेची गंमत वेगळीच. रक्कम अधिक रक्कम सुरळीत चालत होतं, पण सगळ्या रकमांची लिस्ट सम या बेरजेच्या फंक्शनला दिली की टाइपएरर. पूर्ण संध्याकाळ गेली. कारण सम सुरुवात शून्यापासून करतो, म्हणजे पहिली बेरीज रक्कम अधिक रक्कम नसून शून्य अधिक रक्कम असते. ती आधी शून्याला विचारली जाते. शून्य म्हणतं, हा पाव्हणा मला ठाऊक नाही. मग भाषा उजवीकडच्याला विचारते, त्यासाठीची मेथड आर-ॲड, आणि ती मी लिहिलीच नव्हती. लिहिली, समोर शून्य असेल तर स्वतःलाच परत करायचं, दुसरं काही असेल तर नॉटइम्प्लिमेंटेड, म्हणजे 'हे मला जमत नाही' ही खूण, परत करायचं. परत करायचं, एरर म्हणून फेकायचं नाही, इथं पुष्कळ जण चुकतात. आर-ॲड नको असेल तर समला सुरुवातीची रक्कम म्हणून शून्य रुपये द्या, तेही चालतं. पण भाषा दोन्ही बाजूंना विचारते हे कळल्यावर मला ती आवडायला लागली.

लेननं एकदा दगा दिला. पट्टीत किती रवे ते कळावं म्हणून लेन लिहिली. गाडी फाटकातून आत आली की दुकानात रिकामी पट्टी उघडते, आणि पुढे एका ठिकाणी 'इफ नॉट पट्टी' (पट्टी नाही) असेल तर नवी उघड असं लिहिलेलं. एकाच गाडीच्या दोन-दोन पट्ट्या निघायला लागल्या. बूल ही मेथड नसेल तर खरं-खोटं ठरवताना भाषा लेनला विचारते, आणि लेन शून्य म्हणजे खोटं. पट्टी होती, पण रिकामी होती. 'इज नन', म्हणजे पट्टी मुळातच नाही का, असं लिहून सुटलो.

समानतेचं थोडक्यात: शेतकरी क्लासला खाते नंबरवरून ईक्यू ही समानतेची मेथड लिहिली आणि लगेच शेतकरी डिक्शनरीच्या कीमध्ये बसेना. ईक्यू लिहून हॅश (डिक्शनरीत जागा शोधायचा आकडा देणारी मेथड) लिहिली नाही तर पायथॉन हॅश काढूनच घेतं, कारण समान असलेल्या दोघांचा हॅश एकच हवा. हॅशही खाते नंबरवरूनच लिहिली, झालं. मेटाक्लास, डिस्क्रिप्टर, डेल या आणखी खोल गोष्टींच्या वाटेला गेलो नाही. एकदा हौसेनं एकाच ऑब्जेक्टवर स्ट्र लटकवून बघितली, प्रिंटनं ढुंकूनही पाहिलं नाही. अशा मेथड्स भाषा क्लासलाच विचारते. पायथॉन २ मधल्या जुन्या ढंगाच्या क्लासना ते चालायचं, २००८ च्या पायथॉन ३ मध्ये ते क्लासच उरले नाहीत. सेल्फ दर मेथडला लिहायचा कंटाळा महिनाभरच येतो.

फेब्रुवारीत मामा म्हणाला, "काकवीचे डबे पण घे रे ह्याच्यात." मला वाटलं, गेला रविवार. काकवीचा वेगळा क्लास लिहिला, रव्याशी काही नातं नाही, फक्त वजन आणि किंमत या दोन गोष्टी त्याच नावानं ठेवल्या. पट्टीच्या कोडला हातही लावला नाही आणि बेरीज बरोबर आली. पट्टीला फक्त वजन सांगणारं कुणीतरी हवं असतं, ते रवाच आहे का हे ती विचारत नाही. जावात मी आधी इंटरफेस लिहीत बसलो असतो.

पाचपैकी चार गुण. कापलेला एक 'वजण'चा. सौदा झाल्यावर दुरुस्तीच्या कोडमध्ये मी घाईत 'रवा.वजण' लिहिलं आणि पायथॉननं चकार शब्द न काढता त्या नावाची नवी गोष्ट रव्याच्या खिशात टाकली. खरं वजन जसंच्या तसं. अकरा पट्ट्या जुन्या वजनानं गेल्या, त्या हातानं दुरुस्त कराव्या लागल्या. आता रव्याला स्लॉट्स लावलेत, ठरवलेल्या नावांशिवाय दुसरं काही ठेवायला गेलं की एरर येते. दिवाणजी मात्र अजून शेजारी वहीत वजन लिहितात, आणि संध्याकाळी दोन्ही आकडे जुळले की मगच गल्ला बंद होतो.